जोडण्यांचा निकष

माशी आधी बाहेरच्या गटाराच्या काठावर बसली होती. तिथून खिडकीतून आत आली, आयोगाच्या अध्यक्षांच्या बशीतल्या बिस्किटावर टेकली आणि पुढचे दोन पाय एकमेकांवर घासू लागली. बाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

“घ्या ना, बाई,” अध्यक्षांनी बशी पुढे केली. माशी उडाली. बाईंनी नकारार्थी मान हलवली तेव्हा अध्यक्षांनी तेच बिस्किट उचलून चहात बुडवलं.

महसूल वाटप आयोगात विज्ञान शिकलेल्या आणि शिकवलेल्या त्या एकट्याच. गोळा झालेल्या करातून केंद्राने किती ठेवायचं, राज्यांना किती द्यायचं आणि नगरपालिकांच्या हाती काय लागू द्यायचं, हे आयोग ठरवी. दौऱ्यातलं हे शेवटचं गाव होतं आणि नगरपालिकेच्या या सभागृहात आता फक्त सह्या उरल्या होत्या. बाकीच्यांच्या झाल्या होत्या.

“सांडपाण्याच्या कलमावर अडलंय म्हणे तुमचं,” अध्यक्ष म्हणाले.

“ज्या गावात जितक्या घरांना मलवाहिनीची जोडणी, तितका त्या गावाचा वाटा. या गावात जोडणी एकही नाही.”

“मग प्रश्नच मिटला. वाहिनी नाही, म्हणजे देखभाल नाही. देखभाल नाही, तर पैसे कशाला?”

गावच्या नगराध्यक्षा दाराशी उभ्या होत्या; त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी त्यांनीच बाईंना गल्लीत नेलं होतं. काळ्या पाण्यावर साय धरली होती, तिच्यातून बुडबुडे सावकाश फुटत होते आणि पिण्याच्या पाण्याचा नळ त्याच पाण्यातून पलीकडे गेला होता. दर घरात कुणीतरी काविळीने पिवळं पडलेलं. अध्यक्ष गाडीतून उतरले नव्हते. काच वर करून त्यांनी रुमालाला अत्तर लावलं होतं.

“साहेब,” नगराध्यक्षा म्हणाल्या, “घरात चूल नाही, म्हणजे पोटात भूक नाही, असं झालं की हे!”

“अहो, आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“आडात पुष्कळ आहे, साहेब. दोर तेवढा तुमच्या हातात.”

अध्यक्ष मनापासून हसले. “बोलता छान तुम्ही! पुढच्या आयोगापुढे हेच बोला.”

अशा गावांचा नाकारलेला वाटा केंद्र आणि राज्यं निम्मा-निम्मा घेणार होती. ते जेवणाच्या टेबलावर आधीच ठरलं होतं. निकष मागाहून शोधला, उत्तर पाहून रीत लिहावी तसा. सदस्यांपैकी एकानेही विरोध नोंदवला, तर ते कलम खुल्या सुनावणीला जाई आणि तिथे नगरपालिकांनाही बोलता येई. आजवर तसं कुणी केलं नव्हतं. बाईही प्रत्येक बैठकीत “पाहू” म्हणत आल्या होत्या.

“नव्या समितीवर तुमचं नाव मीच पुढे केलंय,” अध्यक्ष खाली वाकून हळूच म्हणाले. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात भिजलेल्या बिस्किटाचा लगदा चिकटला होता. “हत्ती गेला, आता उगाच शेपूट राहायला नको.”

बाईंनी नाकाला पदर लावला. सकाळी गल्लीत लावला नव्हता.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. दाराशी नगराध्यक्षांनी नजर जमिनीकडे वळवली.

बाईंनी टोपण परत लावलं. खट्ट असा आवाज झाला.

“आता कुठे माशी शिंकली?” अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी बाजूची रिकामी खुर्ची ओढून टेबलाशी आणली. “बसा ताई,” त्या नगराध्यक्षांना म्हणाल्या. मग अध्यक्षांकडे वळून, वर्गात शिकवताना असायचा तशा सपाट आवाजात म्हणाल्या,

“माझा विरोध आहे. नोंदवून घ्या.”