कागद शेवटपर्यंत काढायचा नाही

संत तुकाराम नगरात कंपनीने बायकांसाठी एक हॉल बांधला होता. दुपारी तिथे दुर्गाबाईंचा शिवणवर्ग भरायचा. हॉलच्या मागे एक खोली होती, तीत दुर्गाबाई राहायच्या. त्यांचा नवरा कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. तो गेला तेव्हा साहेबांनी वर्ग त्यांच्या हवाली केला आणि वर्गाबरोबर खोली दिली. गावाकडच्या घरात दिराने केव्हाच आपलं बिऱ्हाड थाटलं होतं, आणि पोटी मूलबाळ नव्हतं. वर्ग होता तोवर डोक्यावर पत्रा होता, एवढा साधा हिशेब. तो दुर्गाबाईंना झोपेतसुद्धा ठाऊक असायचा.

गोधडी तर काय, सगळ्याच बायकांना यायची. पण दुर्गाबाई लहानपणी पुण्यात मिशनच्या मडमांकडे कागदावरची गोधडी शिकल्या होत्या, आणि ती त्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला येत नव्हती. आधी कागदावर पेन्सिलीने नक्षी काढायची. मग कापडाचे तुकडे कागदाच्या मागच्या अंगाला धरून रेघेवरून मशीन चालवायचं. कागद आहे म्हणून टोकाला टोक बरोबर भिडतं.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा महाळुंग्याची छबूबाई पदर तोंडावर धरून हसली होती. "आगं बया! कागदाची गोधडी? मंग पांघरायची का वाचायची?"

"तू आधी कातर धरायला शीक," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुझ्या सासूची नरडी धरल्यासारखी धरतेस."

सगळ्या हसल्या. छबूबाईसुद्धा हसली, पण तिचे कान लाल झाले. दुर्गाबाईंच्या वर्गात हसणं असं असायचं, कुणाचे तरी कान लाल करून.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी कस्तुरा आली. उदगीरकडची बौद्धाची पोर. तिचा नवरा भीमराज कंपनीत ड्रॉइंगच्या खात्यात, जिथे यंत्रांचे नकाशे निघायचे, हेल्पर होता, अजून टेम्पररी. दिवाळीनंतर पर्मनंट करतो, असं साहेब म्हणाले होते. कस्तुरा दाराशी बसायची. पाण्याचा माठ आत होता, पण ती घरून तांब्या आणायची. आण म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि नको आणूस असंही कुणी म्हटलं नव्हतं.

दुर्गाबाईंनी तिला शिकवलं मात्र मनापासून. आपली विद्या दुसऱ्याच्या हातात उतरताना पाहायला कुणाला आवडत नाही?

"तुकडा नक्षीएवढाच कापशील तर फसशील. चांगला बोटभर मोठा घे. उलटून टाकला की कमी पडतो, मग रडत बसायचं."

"व्हय बाई."

"टाका बारीक घाल. टाका बारीक असला की कागदाला भोकं जवळजवळ पडतात, आणि नंतर तो पापुद्र्यासारखा सुटतो. मोठा टाका घातलास तर कागद ओढताना शिवण उसवेल."

"व्हय."

"आणि कागदावर डावीकडे काढशील ते कापडावर उजवीकडे येतं. मोराची चोच कुठे हवी ते आधी ठरव."

"मी मोर न्हाई करायची बाई," कस्तुरा म्हणाली. "मी चाक करणार."

छबूबाई दोरा दाताने तोडत म्हणाली, "चाकच करणार ती. तिला काय तुळशीवृंदावन करायला सांगताय व्हय?"

कस्तुराने मान खाली घातली आणि सुई चालवत राहिली. दुर्गाबाईंनी छबूबाईला गप्प केलं नाही. उलट, "चाकाला आरे बारीक लागतात, जमायचं नाही तुला," असं म्हणाल्या.

पण जमलं. असं जमलं, की दुर्गाबाईंनी ते चाक चष्मा पुसून पुसून पाहिलं. सगळ्या आऱ्यांची टोकं मधोमध एका ठिपक्यात येऊन मिळाली होती. दुर्गाबाईंच्या स्वतःच्या हातून तिथे नेहमी थोडा फुगवटा राहायचा. मडम तेव्हा त्यावरून बोटांवर पट्टी मारायच्या.

"कागद कुठला वापरलास?" त्यांनी विचारलं.

अडचण खरी कागदाचीच असायची. वर्तमानपत्राची शाई कापडाला लागायची, वाण्याचा खाकी कागद जाड पडायचा, साखरेच्या पुडीचा मधेच फाटायचा. कस्तुराचा कागद पातळ होता आणि चिवट होता. त्याच्या एका बाजूला निळ्या रेघा होत्या, आणि त्याला नाकात झोंबणारा वास येत होता.

"ह्यांनी आणला. रद्दच झाल्याला व्हता. बॉयलरमधी जाळायचा व्हता बाई, म्हणून शर्टाच्या आत घालून..."

दुर्गाबाईंना तो वास ओळखीचा होता. वॉचमन नवऱ्याने एकदा एका माणसाच्या बनियनखालून असाच कागद ओढून काढला होता आणि रात्री जेवताना सांगितलं होतं, "नटबोल्ट चोरला तर ताकीद देतात गं. नकाशा बाहेर गेला तर माणूस बाहेर. रद्दीतला असला तरी."

त्या एवढंच म्हणाल्या, "छान आहे कागद. निळी बाजू कापडाला लावू नकोस, डाग पडेल. ती बाहेर राहू दे. लाल पेन्सिलीने तिच्यावरच नक्षी काढ."

हे सांगताना त्यांच्या मनात काही नव्हतं. शिकवणं बरोबर होतं, म्हणून त्यांनी शिकवलं.

मनात आलं ते पुढे, दसऱ्याच्या सुमाराला. कंपनीच्या एका मोठ्या अधिकाऱ्याची बायको नीलाताई हॉलची देखरेख करायची. शिकलेली, गोड बोलणारी. ती दुर्गाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "दुर्गाबाई, तुमचे डोळे आता थकले. दिवाळीनंतर वर्ग कस्तुराला द्यावा म्हणते. काय सुरेख हात आहे तिचा! तुम्ही किती केलंत, आता आराम करा."

"आणि खोली?"

"खोली वर्गाचीच ना," नीलाताई म्हणाली. "तुमचं गावी कुणीतरी असेलच."

दुर्गाबाई हसल्या. "आहे की. दीर आहे."

त्या संध्याकाळी कस्तुरा त्यांच्या पाया पडायला आली. नीलाताईने तिलाही सांगितलं होतं. "बाई, मला नगं वाटतंय. तुमच्या जागी मी कशी बसू? तुमी खोली सोडू नका, मी ताईंना बोलते."

ती खरंच बोलली असती. पण या पोरीच्या दयेवर आपण आपल्याच खोलीत राहायचं, हे दुर्गाबाईंच्या घशाखाली उतरेना. त्या म्हणाल्या, "वेडी आहेस का? आधी तुझी गोधडी पुरी कर. कंपनीच्या वर्धापनदिनाला मुंबईचे मोठे साहेब येणार आहेत. त्यांच्यापुढे टांगायची आहे."

कस्तुराने जीव ओतला. चाकाला चाक जोडत गेली. वर्धापनदिनाच्या सकाळी तिची सगळी चाकं जोडून झाली होती, फक्त चारी बाजूंचा काठ राहिला होता. ती हॉलमध्ये धावत आली. वर्गातल्या बायका पताका लावत होत्या.

"बाई, कागद काढू का आता? चाकं समदी जोडलीत. हे म्हणत व्हते की कागद काढूनच ने."

दुर्गाबाईंनी गोधडी हातात घेतली. उलटी केली. मागच्या अंगाला निळ्या रेघा, आकडे, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, सगळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मी काय शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कागद शेवटपर्यंत काढायचा न्हाई."

"का?"

"तिरपं कापलेलं कापड ताणतं. काठ लागस्तोवर कागदानंच त्याला धरायचं."

"मग? दोरीवर टांगल्यावर वजनाने ताणली जाईल. मध्यातून तुझे आरे लोंबतील. तुला साहेबांपुढे माझी फजिती करायची आहे का?"

"न्हाई बाई, तसं न्हाई. पर हे म्हणत व्हते..."

"भीमराज शिकलाय का माझ्याकडे?"

बायका हसल्या. कस्तुराही ओशाळून हसली. गोधडी तशीच टांगली गेली, पुढची बाजू लोकांकडे आणि मागची भिंतीकडे. अजून कुणाला काही दिसण्यासारखं नव्हतं.

दुपारी साहेब आले. बरोबर त्यांची बायको, नीलाताई, आणि मागे पाच-सहा सुटाबुटातली माणसं. साहेबांची बायको चाकांपुढे थांबली. "ओहो! आपल्या कंपनीचं गिअर!"

हे धम्माचं चाक आहे, असं कस्तुराने सांगितलं नाही. भीमराज धुतलेला शर्ट घालून दाराजवळ उभा होता. नीलाताईने त्याला मुद्दाम पुढे बोलावलं. "हे हिचे मिस्टर. आपल्याच ड्रॉइंग खात्यात आहेत. पुढच्या महिन्यात पर्मनंट होतील."

"शाब्बास," साहेब म्हणाले आणि पुढे निघाले.

तेव्हा दुर्गाबाई म्हणाल्या, "साहेब, शिवणकाम मागून बघावं. खरा हात मागून कळतो."

आणि त्यांनी स्वतः गोधडीचं टोक धरून ती दोरीवर उलटी टाकली.

साहेबांच्या बायकोला त्यात टाकेच दिसले. "किती बारीक!" ती म्हणाली. साहेबांनी चष्मा चढवला. आधी ते हसत होते. मग कोपऱ्यातल्या शिक्क्यावर त्यांनी बोट ठेवलं, तिथून बोट नकाशाच्या नंबरावर नेलं आणि मागच्या माणसाला इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्या माणसाने भीमराजकडे पाहिलं.

भीमराज म्हणाला, "रद्दीतला हाय साहेब. जाळायचाच व्हता." एवढ्याने त्याने सगळं कबूल केलं होतं, आणि ते त्याला कळलंसुद्धा नाही.

त्याला तिथून सिक्युरिटीच्या खोलीत नेलं. ज्या बाकावर दुर्गाबाईंचा नवरा वर्षानुवर्षं बसला, त्याच बाकावर बसवून त्याची सही घेतली. टेम्पररी माणसाला काढायला लागतो तेवढाच वेळ लागला. कस्तुराची गोधडी पुरावा म्हणून नेली, मग नीलाताईने परत मागून आणली. साहेबांच्या बायकोला ती आवडली होती. तेवढी पुरी करून मुंबईला पाठवा, असा निरोप आला. कागद वॉचमनच्या देखत काढून वॉचमनच्याच हातात द्यायचा होता.

तो दुर्गाबाईंनी काढला. टाके इतके बारीक होते की कागद चिमटीत धरून नुसता ओढला तरी सरळ रेघेत सुटत होता. कुठे एक दोरा उसवला नाही. वॉचमन जांभया देत बसला होता.

"ही पोरगी इथे हवी होती," नीलाताई म्हणाली. "पण आता कसं ठेवणार? तुम्हीच सांभाळा वर्ग, दुर्गाबाई. अजून काही वर्षं."

"तुम्ही म्हणाल तसं, ताई."

दिवाळीच्या आधी कस्तुरा आली. उदगीरला परत चालली होती. वर्ग भरलेला होता. ती आत आली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली. तिच्या गालावर एक निळसर वण होता. कुणी त्याबद्दल विचारलं नाही.

"तांब्या राहिला व्हता," ती म्हणाली. छबूबाईने पायानेच तो तिच्याकडे सरकवला.

तांब्या उचलूनही ती गेली नाही. "बाई, एक विचारू? गावाकडं मी शिवणच करणार, आता दुसरं काय हाय? माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा. म्हंजी पुन्हा चुकायची न्हाई."

मशीन थांबलं. छबूबाईची सुई थांबली. सगळ्यांनी तो धडा ऐकला होता, एकेकीने घोकला होता. त्या सकाळीही सगळ्या तिथेच होत्या, पताका हातात घेऊन. दुर्गाबाईंनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. एकीनेही वर पाहिलं नाही.

"कागद आधी काढायला हवा होता," दुर्गाबाई म्हणाल्या. "दर चाक झालं की लगेच. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

कस्तुरा त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने बायकांकडे पाहिलं. छबूबाईने दोरा ओठात धरून ओला केला आणि सुईच्या भोकाशी नेला.

"व्हय का," कस्तुरा म्हणाली. तिला आपल्या कानांपेक्षा बाईंचा शब्द खरा वाटला. "मीच उलटं ध्यानात ठिवलं असंल. माझंच डोकं जाड." तिने वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि पायऱ्या उतरली.

"दर चाक झालं की लगेच," उतरता उतरता ती स्वतःशी पाठ करत होती. "दर चाक झालं की लगेच."

दुर्गाबाईंनी मशीनचा दांडा खाली केला आणि पायडल मारलं. उदगीरला त्या पोरीची चाकं आता ताणली जाणार होती, टोकाला टोक भिडणार नव्हतं, आणि का भिडत नाही ते तिला जन्मात कळणार नव्हतं.