रिकाम्या बरणीचं बूच

माझ्या हाताखालून एकही वस्तू संशयाशिवाय गेलेली नाही. संग्रहालयातल्या जुन्या धातूंना गंजापासून वाचवण्याचं काम मी करते, आणि त्या कामात विश्वास ठेवून चालत नाही. तलवार चकाकते आहे म्हणून निर्धास्त व्हावं, तर तिच्या मुठीत मीठ दबा धरून बसलेलं असतं. सगळे मला पाठीमागे फौजदारीणबाई म्हणतात. मला हे ठाऊक आहे, कारण मी त्याचीही चौकशी केलेली आहे.

त्यामुळे शिशाच्या शिक्क्यांवर पांढरी पूड दिसली, तेव्हा मी आधी आजूबाजूच्या माणसांकडे पाहिलं.

शिक्के एकूण त्रेसष्ट. जुन्या व्यापाऱ्यांनी मालाच्या गाठोड्यांना लावलेले, अंगठ्याच्या नखाएवढे. कुणावर बैल, कुणावर जहाज. शेकडो वर्षं मातीत राहून ते शाबूत होते आणि आमच्या नव्या कपाटात आठ महिन्यांत त्यांना बुरशी आल्यासारखं झालं होतं. ती बुरशी नसते. आंबट वाफ शिसं खाते आणि त्याची भुकटी करते. एका जहाजाचं शीड पार झडून गेलं होतं आणि ते आता कुणालाच परत आणता येणार नव्हतं.

कपाट उघडलं की आंबूस वास यायचा. आमच्या मजल्याच्या सफाईवाल्या मावशी बाकीच्या दालनांतल्या काचा व्हिनेगरनं पुसतात, हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

“मावशी, या काचेलाही व्हिनेगर लावता का हो?”

“नाही ताई. तुम्ही सांगितल्यापासून इथे नुसतं पाणी.”

“मग हा वास कसला?”

“मी बाहेरून पुसते, ताई. वास आतून येतोय.”

उत्तर इतकं तयार होतं की माझा संशय दुप्पट झाला. त्या शेजारच्या दालनात गेल्या, तशी मी बादलीच्या काठावर वाळत घातलेल्या त्यांच्या फडक्याचा एक कोपरा कात्रीनं कापून घेतला आणि ताकास तूर लागू न देता माझ्या टेबलाशी परत आले.

मग साहेबांकडे गेले. “खात्री नाही, पण मावशींचा हात असू शकतो,” असं म्हणाले. साहेबांना ‘पण’च्या आधीचं ऐकू येत नाही.

“तुमच्या तपासाचा निकाल लागेपर्यंत त्यांना घरी बसू दे,” ते म्हणाले. “काही निघालं तर नाव कमी करू.”

मावशींची चौदा वर्षांची नोकरी अशी माझ्या एका शब्दावर टांगली गेली. तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

आमची चाचणी साधी असते. काचेच्या बरणीत संशयित वस्तूचा तुकडा ठेवायचा, दोन थेंब पाणी घालायचं, घासून लखलखीत केलेली शिशाची पट्टी वर टांगायची आणि बरणी घट्ट बंद करून चार आठवडे उबदार पेटीत ठेवायची. पट्टी पांढरी पडली की तुकडा दोषी. मी पाच बरण्या लावल्या. एकीत फडक्याचा कोपरा, एकीत भिंतीच्या नव्या रंगाचे पोपडे, एकीत शिक्क्यांखालचं मखमली कापड, एकीत काच चिकटवायचा गोंद. पाचवी रिकामी, नुसती पट्टी आणि पाणी. बाकीच्या चौघींची तुलना तिच्याशी करायची.

त्या पाचवीचं काचेचं झाकण माझ्या हातून फुटलं. मी वडिलांना फोन केला.

अण्णा सुतार. शिक्क्यांचं कपाट त्यांनीच केलेलं, आणि ते त्यांचं शेवटचं मोठं काम. त्यानंतर हात थरथरायला लागले. दर रविवारी ते संग्रहालयात येतात, कपाटासमोरच्या बाकावर बसतात आणि अनोळखी माणसांना सांगतात, “दार लावून बघा. आवाज येतो का?” नियमानं पाहिलं तर त्या लाकडाचीही बरणी लावायला हवी होती. लाकडातून आंबट वाफ निघते, हे मी दरवर्षी शिकाऊ मुलांना शिकवते. पण अण्णा म्हणाले होते, “वर्षभर वाळवलंय. आतून वॉर्निशचे तीन हात दिलेत.” जगात या एकाच माणसाचं बोलणं मी तपासून बघत नाही.

कपाटाच्या उरलेल्या फळीतून त्यांनी बूच करून दिलं, वॉर्निशच्या तीन हातांसकट. थरथरत्या हातांनी केलेलं ते बूच बरणीत इतकं नेमकं बसलं की मला भरून आलं.

चार आठवड्यांत मावशींनी एकदाही फोन केला नाही. निर्दोष माणूस फोन करतो, असं मी ठरवून टाकलं. एकदा पहारेकरी म्हणाला, मावशी समोरच्या बसथांब्यावर दिसल्या, इकडेच बघत होत्या. मी त्याच दिवशी पेटीला कुलूप लावलं.

मुदत संपल्यावर बरण्या टेबलावर मांडल्या. फडक्याची पट्टी लख्ख. रंग, मखमल, गोंद, तिन्ही ठीक. आणि रिकाम्या बरणीतली पट्टी पांढरीफटक, तिचे पापुद्रे सुटून तळाशी पडलेले.

कुणीतरी बरण्यांची अदलाबदल केली, हा माझा पहिला विचार. मी चिठ्ठ्या तपासल्या. अक्षर माझंच होतं. कुलपाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. दुसरं कुणी सापडेना, तेव्हा मी बूच काढून नाकाशी धरलं.

तो वास मला कपाटात ओळखता आला नव्हता. शाळेतून परस्पर अण्णांच्या कारखान्यात गेले की हाच यायचा, आणि मला तो फार आवडायचा.

शिक्के मी लगेच कपाटातून काढून प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवले. तेवढी लाज शिल्लक होती. पण साहेबांनी विचारलं तेव्हा “अजून नक्की सांगता येत नाही” म्हणाले. बूच दोन दिवस माझ्या पर्समध्ये राहिलं. बरणी धुऊन नवं झाकण लावलं असतं, तर कुणाला पत्ताही लागला नसता. संशय मावशींवरच राहिला असता, त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं असतं आणि अण्णा रविवारी बाकावर बसले असते. हे सगळं मी विचार करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पर्समधून चष्मा काढताना बूच टेबलावर पडलं. अण्णांनी ते उचललं आणि बोटांनी चाचपलं.

“फुगलंय.”

“अण्णा, तुमच्या लाकडानं शिसं खाल्लं.”

त्यांनी बुचाच्या कडेवरून नख फिरवलं.

“किती गेले?”

“अकरा.”

“आणि ती काच पुसणारी बाई? चार रविवार झाले, दिसली नाही. मला पाणी आणून द्यायची.”

मी सगळं सांगितलं.

“महिनाभर घरी?” अण्णा म्हणाले. “माझ्या कपाटापायी?”

हो म्हणणं किती सोपं होतं.

“नाही अण्णा. माझ्यापायी.”

त्यांनी बूच टेबलावर ठेवलं. “उद्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो. दारं मीच उतरवीन. दुसऱ्या कुणाला ती जमायची नाहीत.”

सकाळी मी साहेबांना लेखी अहवाल दिला, लाकडाची बरणी न लावल्याचीही कबुली त्यात लिहिली, आणि मावशींना फोन केला. त्यांनी फक्त “बरं” म्हटलं.

दोन दिवसांनी त्या आल्या. कपाटाचा नुसता सांगाडा उभा होता, उतरवलेलं एक दार मांडीवर घेऊन अण्णा बाकावर बसले होते. मावशींनी आधी त्यांना पाण्याचा पेला दिला. मग माझ्याकडे वळल्या. मी पाठ केलेली माफी सगळी म्हटली. त्यांनी ती मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकून घेतली.

“ठीक आहे, ताई,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून कोरं फडकं काढलं, झटकलं आणि त्याचा कोपरा दोन बोटांत ताणून माझ्यापुढे धरला.

“हा आधी कापून घ्या,” त्या म्हणाल्या. “मग पुसायला सुरुवात करते.”