झँथेट ओतण्याआधी

मी झँथेट बोलतोय, दगडातून तांबं वेगळं काढायचं रसायन. आधी नाकाला रुमाल लावा. कुजलेल्या कोबीसारखा वास येतो म्हणून सगळेच तोंड वाकडं करतात, तुम्ही काही वेगळे नाही. रंग पिवळा, स्वभाव तापट, मुक्काम पत्र्याच्या ड्रममध्ये.

माझा जन्मच मारामारीतला. कॉस्टिक सोडा, अल्कोहोल आणि कार्बन डायसल्फाइड यांना एका भांड्यात कोंबून ढवळलं, बाहेरून गार पाणी फिरवत ठेवलं, म्हणून निभावलं. त्यातला कार्बन डायसल्फाइड हा माझा बाप. महाभयंकर प्रकरण. बारीकशी ठिणगी दिसली तरी पेटतो. तो अजून माझ्या आत कोंडलेला आहे. चुन्याच्या पाण्यात गप्प पडून राहतो, आम्ल भेटलं की दार फोडून बाहेर येतो.

मला आणलं खाणीवरच्या कारखान्यात. तिथे लोखंडी गोळे दिवसभर खडक ठेचतात, पार पीठ करतात. ते पीठ पाण्यात कालवून हौदात सोडतात, खालून हवा मारतात, आणि मग मी आत उतरतो. तांब्याचा कण दिसला की त्याची मानगूट धरतो. मी धरलेल्याला पाण्याचा असा तिटकारा येतो की तो बुडबुड्याला चिकटून थेट फेसावर येतो. बाकीचं दगडाचं पीठ बुडतं. बुडू दे, मला काय त्याचं! पुढे कौतुक तांब्याचं होतं आणि मला शिव्या मिळतात, वासाच्या.

मला पाण्यात कालवायची एक कोंदट खोली होती. तिथे सकाळच्या पाळीला दाजी आणि दुपारच्या पाळीला त्यांचा मेहुणा. मेहुण्याला नोकरी दाजींनीच लावली होती. तिथला रिवाज असा, की पाळी बदलताना टाकीत काय आहे ते तोंडाने सांगायचं. नाकाचा उपयोग नाही, कारण माझ्यापुढे दुसरा कुठलाच वास टिकत नाही. डोळ्यांचाही नाही. टाकीतलं पाणी सगळं सारखंच दिसतं.

एके दिवशी मेहुणा आला तो डोळे लाल करूनच. दाजींनी त्याच्या ताईवर, म्हणजे स्वतःच्या बायकोवर, हात उचलला होता. तिच्या गालावरचा वळ तो बघून आला होता. त्याने दाजींना माझ्याच ड्रमवर आपटलं. दाजींनी पाना उचलला, मेहुण्याने तो हिसकून घेतला आणि त्यांच्या खांद्यावर हाणला. ओठ फुटले, दात हलला, माझ्या पत्र्याला पोचा पडला. तो पोचा अजून आहे. खरं सांगू, मला बघायला मजा आली. तापट माणसं मला आपली वाटतात.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. अहो-जाहोचं अरे-तुरे झालं, तेही पाठीमागे. पाळी बदलताना एक आत यायचा, दुसरा बाहेर जायचा. टाकीत रोज तेच चुन्याचं पाणी असायचं, म्हणून निभत होतं.

मग टाकीच्या तळाला चुन्याचा जाड थर बसला. दाजींनी तो काढायला आम्ल ओतलं आणि मुरत ठेवलं. संध्याकाळी टाकी धुवायची, तोवर मला हात लावायचा नाही, एवढंच सांगायचं होतं. मेहुणा आत आला तेव्हा दाजी थांबले. घसा खाकरला.

"ऐक," ते म्हणाले.

मेहुण्याने पाठ फिरवली. "तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही मला."

दाजींचा चेहरा तांबडा झाला. "मर मग," म्हणाले, आणि तरातरा निघून गेले.

मेहुण्याने माझं झाकण काढलं आणि मला टाकीत उपडं केलं. निम्मा आत गेलो असेन नसेन, तोच आम्ल मला भिडलं आणि बापाने दार फोडलं. वाफ होऊन तो खोलीभर जमिनीलगत सरपटत सुटला. मेहुणा खोकत खाली बसला. त्याच्या डोक्यावर ढवळायची मोटर फिरत होती. जुनी मोटर, मधूनमधून ठिणग्या टाकायची.

तेवढ्यात दाजी धावत आले. फाटकापर्यंत जाऊन माघारी फिरले होते. त्यांनी मेहुण्याची कॉलर धरली, ओढला आणि लाथ घालून दाराबाहेर ढकलला. ते स्वतः उंबऱ्याच्या आतच होते तेव्हा मोटरने ठिणगी टाकली. छप्पर उडालं. दाराच्या पल्ल्यासकट दाजी भिंतीवर फेकले गेले. मी खूप ठेचाठेच पाहिली आहे, पण त्या भिंतीकडे मला बघवलं नाही.

मी उरलो तो अर्धा ड्रम. मला कारखान्याच्या अंगणात पत्र्याखाली ठेवलंय. तिथेच एकदा ताई दाजींचा डबा न्यायला आली. भाऊ हाताला पट्ट्या बांधून उभा होता. तिने विचारलं, "शेवटचं काय म्हणाले रे?"

त्याने पट्टी बांधलेला हात माझ्या पोच्यावर ठेवला.

"ऐक म्हणाले," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही."

आता कुणीतरी येऊन मला कुठल्यातरी टाकीत ओतेल. ओता, माझं कामच ते आहे. पण त्याआधी एकमेकांशी बोला. मग काय तो पाना उचला.