दर दोन तासांनी साठ मिली

चिमाबाईनं मापाचा पेला डोळ्यांसमोर धरला. साठाच्या रेघेवर चढलेली पेज चमच्यानं काढून तिनं परत पातेल्यात टाकली, पेला ताटलीनं झाकला आणि महाडच्या इस्पितळाचा जिना चढू लागली. दहा वाजायला दोन मिनिटं होती.

सात नंबरच्या खाटेवर हैबती उशीला टेकून बसले होते. त्यांची अन्ननलिका आवळत गेली होती. महिनाभर घास उतरला नव्हता, शेवटचे वीस दिवस नुसत्या पाण्यावर गेले होते. दोन दिवसांपूर्वी डॉक्टरांनी दुर्बिणीतून वाट रुंद केली आणि म्हातारबांना भूक लागली. लागली ती अशी की शेजारच्या खाटेवर कुणी बिस्किटाचा पुडा फोडला तरी त्यांची मान तिकडे वळे.

सहा चमच्यांत पेज संपली. त्यांनी रिकामा चमचा दातांत धरून ठेवला. चिमाबाईनं तो हळूच सोडवून घेतला. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. पिकल्या केसांची, हिरव्या साडीतली, स्वयंपाकघरातली एक बाई. तिच्या तोंडाकडे कोण बघतं.

तिनं मात्र पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. आधी केसपेपरावरचं पोलादपूरच्या वरल्या अंगाच्या वाडीचं नाव ऐकून, मग कानातल्या भिकबाळीवरून. ही भिकबाळी हलली की गावकी गप्प व्हायची.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, पांडूनं, झऱ्याच्या भांडणात महाडच्या कोर्टात गावकीविरुद्ध साक्ष दिली. खोटं काही बोलला नव्हता. देवळासमोर बैठक बसली आणि गावकीचे प्रमुख असलेल्या हैबतींनी पांडूचं घर वाळीत टाकलं. कुणी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, त्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. जो घेईल तोही बाहेर. त्याच पावसाळ्यात चार वर्षांची निशा तापानं अंथरुणाला खिळली. तीन आठवडे पोरीनं पाण्याखेरीज काही घेतलं नाही. थोडं दूध मिळालं तर घोट घोट पाजावं म्हणून चिमाबाई हैबतींच्या दारात उभी राहिली. गोठ्यात दोन म्हशी दुभत्या होत्या. ते ओटीवर सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले होते की गावकीचा शब्द आहे, त्यांच्या एकट्याच्या हातात काही नाही.

मग एके दिवशी ताप उतरला. पोर उठून बसली, भूक लागली म्हणाली. पांडू भर पावसात पोलादपूरला उतरला, दूध आणि गूळ घेऊन आला. चिमाबाईनं तांदळाची खीर केली आणि दोन दिवस पोरीला मागेल तेवढी भरवली. तिसऱ्या दिवशी निशाचे पाय सुजले, धाप लागली. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. वाडीत कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं देवाचा कोप. खांदा द्यायला कुणी आलं नाही.

ते दोघं महाडला आले ते कायमचेच. पांडूही पुढं वारला. इस्पितळात राहून तिनं जगाला रांधून घातलं, पण तापातून उठून पोटभर खीर खाल्लेली पोर कशी गेली, हे चिमाबाईला कधी उमगलं नव्हतं.

ते तिला परवा कळलं. आहार बघणाऱ्या रिम्शा मॅडम हैबतींच्या मुलाला, मंगेशला, खाटेपाशी समजावत होत्या. इतके दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर घातलं, तर रक्तातले क्षार झपाट्यानं खाली येतात. अंग सुजतं, धाप लागते, हृदय बंद पडू शकतं. म्हणून दर दोन तासांनी साठ मिली, रोज सकाळी रक्त तपासायचं आणि मगच माप वाढवायचं. नातेवाईक मायेपोटी चोरून भरवतात, त्यामुळं भरवायचं ते चिमामावशीच भरवतील.

चिमाबाई पेला पुसत होती. तो केव्हाच कोरडा झाला होता.

"लहान पोरांचा पण असाच होतं काय, मॅडम?"

"लहान मुलांचं तर फार लवकर होतं, मावशी."

तेव्हापासून ती दर दोन तासांनी जिना चढत होती.

आज दहाचा पेला देऊन ती वळली, तसा मंगेश मागोमाग आला. मुंबईला टेम्पो चालवणारा, चाळिशीचा माणूस, पण डोळे भरून आले होते. म्हणाला, मॅडमना कशाला सांगायचं. बाप रात्रभर भूक भूक करतो. पोटभर काहीतरी द्या, म्हातारा दुवा देईल.

चिमाबाई जिन्याच्या पायरीवर थांबली. मुलगाच मागत होता. उद्या काही झालं तर तो तोंड उघडणार नव्हता, आणि वीस वर्षं इथं राबलेल्या बाईवर कुणी बोट ठेवणार नव्हतं.

"बघते," ती म्हणाली.

खाली आल्यावर तिनं एका शेगडीवर पेज ठेवली आणि दुसरीवर तांदळाची खीर. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा. दूध आटवलं, गूळ घातला, वेलची कुटून टाकली. भरलेला वाडगा आणि मापाचा पेला एकाच ताटात ठेवून ती बाराच्या आधीच वर आली.

वास आधी पोचला. हैबती कोपरांवर उठले. दोन्ही हात पुढं आले.

"दे गो बाय. पोटभर दे."

तिनं ताट टेबलावर ठेवलं आणि त्यांच्या तोंडासमोर येईल असं स्टूल ओढून बसली.

"वळखलात काय मला, बाबा? पांडूची बायको मी. निशाची आई."

भिकबाळी थरथरली. हात हवेतच राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग वाडग्याकडे, मग परत तिच्याकडे. डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं हे चिमाबाईनं ठरवलं नाही. थोड्या वेळानं म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

चिमाबाईनं वाडगा उचलला. क्षणभर तो तिच्या मांडीवर राहिला. मग तिनं तो मंगेशच्या हातात दिला.

"तू सकाळपास्नं जेवला नायस. बस आणि खा."

"अहो, पण बाबांना..."

"त्यांना हे चालत नाय. मॅडमनी सांगितलंय ना? खा, इथंच बस."

मंगेश संकोचून खाटेच्या कडेवर बसला. पहिला घास त्यानं बापाकडे पाठ करून घेतला. मग त्याला भूक आवरेना. वाडग्यावर चमचा वाजू लागला. हैबतींनी डोळे उघडले होते.

चिमाबाई त्यांच्या कानाशी वाकली.

"तीन दिवस तुम्ही माझ्या हातचा खाताय, बाबा. आज पोरगा पण जेवला. तुम्ही बरं व्हा. मी तुम्हाला बरं करूनच वाडीवर धाडीन. मग देवळासमोर गावकीला हे कोण सांगणार, तुम्ही का मी?"

म्हाताऱ्याची नजर टेबलावरच्या पेल्याकडे गेली. पेजेवर पातळ साय धरत होती. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

चिमाबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अजून दहा मिनिटं हायत," ती म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.