मळक्या चादरींची गाडी

मी एक जुनी ढकलगाडी आहे. लोखंडी सांगाडा, त्यात जाड कापडाची खोल झोळी, खाली चार चाकं आणि मागे धरायला आडवी दांडी, एवढाच माझा देह. एका छोट्या कारखान्यात ठिणग्यांच्या उजेडात मी जन्मले आणि तिथून आले ती थेट रुग्णालयाच्या धुलाईघरात.

मित्रांनो, माझं काम मिरवावं असं नाही. वॉर्डावॉर्डांतून मळक्या चादरी आणायच्या आणि धुतलेल्या परत पोहोचवायच्या. चादरीला सगळं ठाऊक असतं. कोण रात्रभर तळमळलं, कोणाचा ताप घामावाटे उतरला, ते ती मला सांगते. मी कुणाला सांगत नाही. माझी कुरकुर ऐकली की सिस्टर म्हणायच्या, "आल्या बाईसाहेब." तेवढंच माझं कौतुक.

धुलाईघरात अक्का यंत्रं सांभाळायची आणि आप्पा इस्त्री करायचे. सुती कापड दिसलं की आप्पांचा हात खळीकडे गेलाच म्हणून समजा. "कापड ताठ, तर माणूस ताठ," असं ते म्हणत.

मुलांच्या वॉर्डात आजारी लेकरांना खाटा होत्या, पण त्यांच्या आयांना पाठ टेकायला जागा नव्हती. त्या बाहेर फरशीवर निजत. अक्काही एके काळी तिथेच निजली होती, माझ्या चाकाला डोकं टेकवून. तिचा लेक बरा झाला, हाताशी आला. पण त्या फरशीचा गारवा तिच्या पाठीतून कधी गेला नाही. म्हणून आयांसाठी खोली बांधायचं ठरलं आणि निधीसाठी चार दिवसांची पदयात्रा निघाली, तेव्हा अक्कानं सगळ्यांच्या आधी नाव दिलं. भाजीवाली, शेजारीण, लेकाचे मास्तर, सगळ्यांनी "अक्का चालणार ना, मग घ्या," म्हणून मदत दिली. धुलाईघराचा चमू तयार झाला, त्यात वॉर्डातल्या सिस्टर आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हरही आले. सामान वाहायला मी.

पहिल्या मुक्कामी, एका शाळेत, अक्कानं सगळ्यांचे मोजे धुतले. धुलाईघरातली माणसं दुसरं काय करणार? वाळलेले मोजे आप्पांच्या हाती आले. त्यांनी पिशवीतून इस्त्री काढली आणि खळीची पुडीही. सकाळी पाहावं तर मोजे पायांशिवाय उभे!

"आप्पा, हे मोजे आहेत की पत्र्याचे डबे?" ड्रायव्हर म्हणाला आणि हसत हसत सगळ्यांनी ते पायांत चढवले. थोडं चालल्यावर हसू मावळलं. एकेकानं मोजे काढून फेकले. अक्का मात्र बोलली नाही. आप्पांनी हौसेनं केलंय, त्यांना वाईट वाटेल, म्हणून चालत राहिली. दुपारी बूट काढले तेव्हा दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या.

सिस्टरांनी पट्ट्या बांधल्या. "आता पुरे. या गाडीत बस, आम्ही ढकलतो."

"मी काय मळकी चादर आहे?"

"अक्का, हट्ट करू नकोस."

"हट्ट नाही, सिस्टर. मी चालणार म्हणून लोकांनी दिलंय. बसून गेले तर त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?" एवढं बोलून ती उठली, दोन पावलं टाकली आणि कळ येऊन खाली बसली.

आप्पांची मान वर होत नव्हती. मग ते उठले. मी कलंडू नये म्हणून जड पिशव्या त्यांनी माझ्या तळाशी नीट रचल्या. आणि माझी दांडी अक्कासमोर आणली.

"बसू नकोस," ते म्हणाले. "ढकल. कुणीतरी ढकलायचीच आहे."

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. "शहाणे आहात, आप्पा. सुचतं, पण उशिरा."

तिनं दांडी धरली. मित्रांनो, ओल्या चादरींचे डोंगर मी वाहिलेत, पण तिच्या तळहातांचा तो भार निराळाच होता. चढावर ती माझ्यावर रेलायची, उतारावर आप्पा पुढून मला आवरायचे. सगळा चमू तिच्या चालीनं चालू लागला. दम लागला की ती पुटपुटायची:

वाट माझी सई, वाटेशी कसला वाद,
पाऊल टाकते, लेकराला देते साद.

उरलेले सगळे दिवस आम्ही असेच चाललो. शेवटी समारोपाच्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा भाषणं संपली होती, खुर्च्या उचलायचं काम चाललं होतं.

"तुम्ही चालत आलात?" खुर्ची उचलणाऱ्यानं विचारलं.

"नाही, उडत," अक्का म्हणाली आणि मग माझ्या दांडीवर डोकं ठेवून रडली.

खोली झाली. पुढे धुलाईघरात बिनआवाजाच्या नव्या गाड्या आल्या आणि मी अंगणात गंजत पडले. एका पावसाळ्यानंतर अक्कानंच मला पुसून, चाकांना तेल घालून त्या खोलीत आणलं. आता माझ्यात फक्त स्वच्छ चादरी असतात. त्यांना खळ नसते. शिणलेल्या अंगाला टोचते, हे आप्पांनी कबूल केलंय.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलाचा थेंब द्या, फडकं फिरवा. आणि चालायचंच म्हणणाऱ्या थकल्या माणसाला उचलून बसवू नका, धरायला काहीतरी द्या. कधीकधी डॉक्टर दारात येऊन एखाद्या आईशी हळू आवाजात बोलतात. ऐकता ऐकता तिचा हात नकळत माझ्या दांडीवर येतो आणि घट्ट आवळला जातो. त्या वेळी चादरींची कितीही घाई असली, तरी मला तिथून हलवू नका.