शेवटची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना शिकंजा आहे. माझा आकार अर्धवट मिटलेल्या मुठीसारखा. एका टोकाला लांब स्क्रू आणि तो फिरवायला आडवी दांडी. दांडी फिरवली की माझा जबडा मिटतो, आणि त्यात जे सापडेल ते धरून बसायचं, एवढंच मला येतं. स्वभावानेही मी तसाच आहे, चिवट आणि जरा घुमा.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा अंग इतकं खरखरीत होतं की दुकानात मला कोणी हात लावीना. शेवटी होड्या बांधणाऱ्या एका बाईने मला उचललं. तिची भाची तिला आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणतो.

आत्याच्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली. जाड फळ्या, ओल्या फळ्या, वाकायचं नावच न घेणाऱ्या फळ्या! फळी होडीच्या फासळ्यांना बसली की आत्या क्षणभर थांबायची आणि मला आणखी अर्धा फेरा द्यायची. "हा लाकडाच्या हट्टासाठी," म्हणायची. तिच्या होडीत कधी पाणी शिरलं नाही. "बाकीचे शिकंजे नुसते धरतात, हा राखण करतो," असं ती एकदा गिऱ्हाइकाला म्हणाली, तेव्हा लोखंडाचा असूनही मी फुलून गेलो होतो.

मग आत्या आजारी पडली. जिवावरचं बोटावर निभावलं, पण खरोखरच बोटांवर. उजव्या हाताची बोटं बधिर झाली. कारखाना बंद झाला, आत्या धाकट्या भावाकडे राहायला आली आणि आम्ही सगळी हत्यारं पेटीत बसून पलंगाखाली गेलो. मला गंज चढला. शेजारची पटाशी दिवसभर कुरकुरायची. मी आपला गप्प.

एके दिवशी भाचीने पेटी बाहेर ओढली. "आत्या, आपण छोटी होडी करू या ना! टेबलावर मावेल एवढी." आत्या आधी नाही म्हणाली. पण शेवटच्या होडीतून उरलेली एक फळी तिने जपून ठेवली होती. तिच्यातून पातळ पट्ट्या निघाल्या. स्वयंपाकघरातल्या किटलीच्या तोटीला पाइप जोडायचा, पट्टी त्यात वाफवून मऊ करायची आणि गरम असतानाच गोंद लावलेल्या फासळ्यांवर वाकवून मला आवळायचं, असं काम सुरू झालं.

होडीच्या पोटापर्यंत सगळं सुरळीत झालं. पुढच्या टोकाशी मात्र वळण अवघड होतं. तिथे पट्टी मोडली. दुसरी मोडली. तिसरीही मोडली. दर वेळी आत्या आपल्या उजव्या हाताकडे असं बघायची की मला बघवत नसे.

मित्रांनो, चूक हाताची नव्हती. मला ती कळत होती, कारण ती माझ्याच जबड्यात घडत होती. पण मला जबडा आहे, जीभ नाही.

"ताई, पुरे आता," भाऊ म्हणाला. "पट्टी मोडली की तू दोन दोन दिवस बोलत नाहीस. कशाला जिवाला लावून घेतेस?"

"ही शेवटची," आत्या म्हणाली. "ही मोडली तर पेटी भंगारवाल्याला देऊन टाक. मी ब्रसुद्धा काढणार नाही. हात गेला असेल तर गेला म्हणायचं."

मला भंगाराची भीती होतीच. पण आत्या स्वतःलाच भंगारात काढायला निघाली होती, त्याची भीती जास्त होती.

किटली फुरफुरू लागली. भाचीने पट्टी काढून फासळीवर टेकवली. तिची बोटं पोळत होती, तरी तिने सोडली नाही. आत्याने तळहाताने माझी दांडी फिरवायला घेतली. पट्टी वाकली. आणखी वाकली. फासळीला भिडली. दरवाजात भाऊ श्वास रोखून उभा होता.

आत्या क्षणभर थांबली. मग तिचा तळहात पुन्हा दांडीवर आला. आता मोडणार, मला स्पष्ट दिसत होतं. पट्टीच्या अंगातून बारीकशी करकर माझ्यापर्यंत पोचली.

"आत्या, बसली की ती! आता कशाला आवळतेस?"

"अर्धा फेरा, लाकडाच्या हट्टासाठी."

"पण ही कुठे हट्ट करतेय? ही तर शहाण्यासारखी वाकली."

आत्याचा हात दांडीवर तसाच राहिला. मग हळूच बाजूला झाला. ती मोडलेल्या तुकड्यांकडे बघत राहिली आणि अचानक हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अगं, हात कसला गेलाय! हात अजून कारखान्यातच आहे. नखाएवढ्या पट्टीला फळीसारखा पिळतोय मेला!"

पण गोंद वाळायचा होता. मी जन्मात कधी इतकं जपून धरलं नव्हतं. जरा ढिला पडलो तर पट्टी उसळणार, आणि माझे गंजलेले आटे कधी दगा देतील याचा मलाच भरवसा नव्हता. सकाळी आत्याने स्वतः, उजव्या हाताने मला सोडवलं. पट्टी जागची हलली नाही.

भाऊ आत गेला आणि लंगडणारी खुर्ची घेऊन आला. "ताई, हिचा एक पाय डुगडुगतोय. बघतेस का?"

"ठेव तिथे. आधी होडी. नंबर लावून यायचं," आत्या म्हणाली, आणि पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने तिने डोळे पुसले.

मित्रांनो, आम्हा हत्यारांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या, तेवढ्याने आमचं भागतं. पण तुमच्या घरात कोणी हात बांधून बसलं असेल, तर त्यांना नुसतं 'आराम करा' म्हणू नका. काहीतरी मोडकं घेऊन त्यांच्याकडे जा आणि 'एवढं नीट करून द्या' म्हणा.