फेटा बांधलेला शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे. माझ्या अंगावरचं हे विटकं गुलाबी कापड बघून हसू नका बरं! ते फेट्याचं आहे. फेटा बांधायचा मान आमच्या जातीत आणखी कुणाला मिळाल्याचं माझ्या तरी कानावर नाही. मला मिळाला, आणि तो कसा मिळाला हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. बोटीनं मुंबईला आलो, एका वकिलाच्या कपाटात बरीच वर्षं नुसता उभा राहिलो आणि शेवटी नगरच्या जुन्या बाजारात रद्दीच्या ढिगाशेजारी येऊन पडलो. भेळेचे पुडे बांधायला जाणार, अशी माझी खात्रीच झाली होती. तेवढ्यात गहिनीनाथ गुरुजींनी मला उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि एस.टी.त शेवगावपर्यंत मांडीवर घेऊन बसले. शेवगावच्या पुढच्या एका गावात ते हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्या माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही.

गुरुजींना एक खोड होती. शब्दाचा अर्थ सांगून ते थांबायचे नाहीत. "अर्थ कळला, आता त्याचं मूळ गाव कुठलं ते बघू," म्हणत माझ्या पानावरची बारीक अक्षरं वाचायला लागायचे. मुलं जांभया द्यायची. एक मनकर्णा मात्र कान टवकारून ऐकायची. ती अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होती आणि गावातून अकरावीपर्यंत पोचलेली पहिलीच मुलगी होती.

मग बहात्तर साल उजाडलं. पाऊस आलाच नाही. मनकर्णाचे वडील श्रीमंत आणि चुलते सहादेव या दोघा भावांची एक सामाईक विहीर होती. तिचा तळ दिसायला लागला. गाळ काढून खाली हातभर खोदलं असतं तर जनावरांपुरतं पाणी लागलं असतं, असं सगळं गाव म्हणत होतं. पण करणार कोण? दोन्ही भावांत तीन वर्षं अबोला होता. एकट्यानं पहार मारली तर दुसरा अडवायचा. दोघांनी मिळून उतरायचं तर, छे, नावच काढू नका! बोलायची वेळ आलीच तर श्रीमंत आपल्या बैलाला म्हणायचा, "सांग रं सर्जा, त्या मानसाला, मोट सोड म्हनावं." आणि सहादेव विहिरीच्या काठाला उत्तर द्यायचा.

पाणी नाही म्हणून श्रीमंतानं ठरवलं, दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन कोपरगावकडे ऊस तोडायला जायचं. म्हणजे मनकर्णाही जाणार, धाकट्या भावंडांना सांभाळायला. म्हणजे अकरावीची परीक्षा गेली!

अशात एक दिवस गुरुजींच्या ओट्यावर धड्यात 'क्वॉरल' हा शब्द आला. गुरुजींनी मला उघडलं. "क्वॉरल म्हणजे भांडण. इथं खाली त्याच नावाचा एक बाणही दिलाय, चौकोनी टोकाचा. पण ते दोघं सख्खे नाहीत हं, नुसतं नाव एक. आपल्या भांडणाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि तिथं त्याचा अर्थ आहे गाऱ्हाणं. तक्रार. रडगाणं म्हण हवं तर."

"म्हंजी गुरुजी, आधी ते गाऱ्हानं हुतं, आन् मग त्याचं भांडान झालं?"

"शब्दाचं तरी तसंच झालं बाई."

मनकर्णा बराच वेळ त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, आजच्या दिवस ह्यो कोश घरी न्यू का?"

मला हेडमास्तरांच्या हातात द्यायलाही गुरुजी का-कू करायचे. पण तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि तिच्या हातात ठेवलं.

घरी श्रीमंत कोयत्याला धार लावत होता. मनकर्णानं मला त्याच्यासमोर उघडून ठेवलं. "आबा, सहादेवतात्यांवर तुमचं गाऱ्हानं काय हाय?"

"गाऱ्हानं कसलं? भांडान हाय. पान्याच्या पाळीचं."

"ह्यात लिवलंय, भांडनाच्या बुडाशी गाऱ्हानं असतंय."

आता खरं सांगायचं तर मी फक्त शब्दापुरतं सांगितलं होतं. पुढचं तिनं माझ्या तोंडी घातलं. पण मी कशाला नाही म्हणू?

श्रीमंतानं कोयता खाली ठेवला. "तीन वर्सांत समद्यांनी इचारलं, कवा मिटवताय म्हनून. काय दुखलं, ते न्हाई इचारलं कुनी." मग तो सांगायला लागला. "तुझ्या तात्याच्या पोरीचं, अक्काचं लगीन. मांडवात फेटे बांधाया नावं पुकारली. चुलत झाले, मावस झाले, पार लांबच्या भाऊबंदांची नावं झाली. माजं न्हाई. सख्खा भाऊ मी! पंगतीला न बसता उठून आलो."

मनकर्णानं मला उचललं आणि तशीच पलीकडच्या दारात गेली. तीन वर्षांत त्या दारात तिचं पाऊल पडलं नव्हतं. सहादेव खाटेवर बसला होता. "तात्या, तुमचं गाऱ्हानं काय हाय?"

सहादेवानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले. "माज्या पोरीच्या लग्नात घास न खाता गेला त्यो. सासरी निघताना पोरगी काका कुटं, काका कुटं करीत रडत हुती. ह्येच गाऱ्हानं."

"आबांचं नाव न्हाई पुकारलं तुमी."

"अगं, पुकारायला त्यो काय पावना हुता? पावन्यांचं आधी, घरच्याचं मागून. त्याला मी सोता बांधनार हुतो, माज्या हातानं!" मग त्यानं आत हाक मारली, "झुंबर, ट्रंक उघड."

त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, ट्रंकेच्या तळातून घडी काढली. गुलाबी फेटा! एकदाही न उलगडलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा मला परत करायला निघाली ती विहिरीवरून. श्रीमंत तिथं सर्जाला घेऊन उभा होता; तात्यांचं गाऱ्हाणं तिनं रात्रीच त्याच्या कानावर घातलं होतं. सहादेव फेटा घेऊन आला. या खेपेला तो विहिरीच्या काठाशी बोलला नाही. "शिरमंत, वाक," म्हणाला. श्रीमंत वाकला. भावानं त्याच्या डोक्याला हळूहळू फेटा बांधला, सोगा पाठीवर सोडला आणि म्हणाला, "आता उतर खाली. पाट्या मी वढतो."

"व्हय दादा," श्रीमंत म्हणाला. सर्जाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

सहादेव दोर ओढत राहिला. दुपारी दोर सरकला आणि त्याचा तळहात सोलवटून निघाला. श्रीमंत वर चढून आला, कोऱ्या फेट्याची पट्टी टर्रकन फाडली आणि भावाचा हात बांधला. "आरं, फेटा!" सहादेव ओरडला. श्रीमंत म्हणाला, "पावला मला."

चार दिवसांनी खडकातून पाणी पाझरलं. पाट वाहण्याइतकं नाही, पण दोन्ही घरच्या जनावरांपुरतं झालं. आयाबाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेल्या, हाल झाले, पण बिऱ्हाड हललं नाही आणि मनकर्णा परीक्षेला बसली. पास झाली त्या दिवशी गुरुजींनी मला तिच्या ओटीत घातलं. तिनं चिखलानं माखलेला तो फेटा धुतला आणि त्याचं मला कव्हर शिवलं.

पुढं ती शाळेत शिक्षिका झाली आणि मी आजही तिच्या टेबलावर असतो. वकिलाच्या कपाटात मला कुणी हात लावला नाही, रद्दीत कुणी विचारलं नाही. पण गुरुजींनी उचललं, एका पोरीनं विश्वासानं उघडलं, माझ्या जन्माचं सोनं झालं! मित्रांनो, तुमच्या घरी भांडण झालं तर कोण चुकलं ते मागून बघा. आधी काय दुखलं ते विचारा. आणि माझी पानं उलटताना बोटाला थुंकी लावू नका. कव्हर धुवायला काढलंत तर जरा जपून. त्याची एक पट्टी कमी आहे, ती तात्यांच्या हाताला बांधली होती.